बिनकात्रीचा रोल

अजित कासारेला कुणी फोटोग्राफर म्हटलं की त्याच्या कपाळाला आठी पडायची. फोटोग्राफर काय, हल्ली कुणीही असतो हो. खिशात फोन टाकला की झाला फोटोग्राफर. अजित "फिल्मवर काम करायचा". हे वाक्य बोलून तो मुद्दाम जरा थांबायचा, म्हणजे समोरच्याला "सिनेमात का?" असं विचारायला सवड मिळायची. आणि एकदा का विचारलं, की त्या बिचाऱ्याची सुटका नसायची.

मग अजित सुरू व्हायचा. डिजिटलमध्ये माणूस बघतच नाही, नुसता टिपत सुटतो. दोनशे काढायचे, एकशे नव्व्याण्णव पुसायचे, उरलेल्या एकाला गोरं करायचं, संपलं! रोलमध्ये कसं, छत्तीस म्हणजे छत्तीस. बटण दाबायच्या आधी विचार करावा लागतो. दाबल्यावर पस्तावून उपयोग नाही. जे झालं ते झालं, ते पुसता येत नाही. आयुष्यासारखं! "आयुष्यासारखं" म्हणताना तो खिडकीबाहेर बघायचा. खिडकी नसली तर पंख्याकडे.

आता यातलं काही खोटं होतं का? तर तसंही नाही, हीच तर पंचाईत होती. माणूस नुसत्या थापा मारत असता तर कुणी ऐकून घेतलं नसतं. पण हेच गृहस्थ दिवसभर लोअर परळच्या एका टॉवरात बसून फोनच्या अ‍ॅपमधली बटणं कुठे असावीत ते ठरवायचे, म्हणजे जगाने भराभर बोट फिरवत राहावं याचाच पगार घ्यायचे, आणि संध्याकाळी घरी येऊन संयमावर बोलायचे.

घर म्हणजे काळाचौकीच्या चाळीतली दुसऱ्या मजल्यावरची खोली. त्यात अजित, त्याची आई वैशाली आणि फिल्मची संस्कृती असे तिघे राहत. फ्रिजमध्ये बोंबलांच्या डब्याशेजारी रोल. मोरीत रोल धुवायची टाकी, केमिकलच्या बाटल्या, दोरीला चिमट्याने लटकवलेल्या निगेटिव्ह. आईने आंघोळ करायची ती साहेबांचा रोल वाळत घालायच्या आधी, कारण नंतर वाफेने डाग पडतात. एकदा साहेबांनी फिक्सर, म्हणजे रोलवरचं चित्र पक्कं करायचं केमिकल, लिंबाच्या सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवला. मामा आले, आईने ग्लासात ओतला, पाणी घातलं, मीठ घातलं, जिरं घातलं. वास आला म्हणून बरं. नाहीतर मामा कायमचे फिक्स झाले असते आणि अजितने त्यांचाही फोटो काढला असता.

"तुझ्या बापाने गिरणी बंद पडल्यावरसुद्धा घरात एवढा वास आणला नव्हता," वैशाली म्हणायची. पण म्हणायची आणि बाटली नीट वरच्या फळीवर ठेवायची. एकुलता एक. करणार काय?

अजितसारखे आणखी दहा-बारा जण मुंबईत होते. देव एकाला घडवून थांबत नाही. त्यांचा एक ग्रुप होता, नाव "ग्रेन", म्हणजे फिल्मच्या फोटोत दिसणारे बारीक कण. गिरगावात एका जुन्या छापखान्याच्या वरच्या माळ्यावर ते भरायचे. एक दातांचा डॉक्टर, एक बँकेतले साहेब, दोन आर्किटेक्ट, आणि सगळ्यांच्या वर इरावती. इरावती दादरची. ती बोलायची हळू आणि शुद्ध, आणि प्रत्येक फोटोपुढे डोळे बारीक करून इतका वेळ उभी राहायची की काढणाऱ्याला घाम फुटावा. ती "हं" म्हणाली तर फोटो बरा. "हंऽऽ" म्हणाली तर थोर.

या ग्रुपने स्पर्धा काढली. एक रोल, एक जागा. म्हणजे एकाच जागी छत्तीस फोटो काढायचे, आणि छत्तीसच्या छत्तीस, ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने, हाताने प्रिंट करून भिंतीवर लावायचे. वाईट आला म्हणून गाळायचा नाही. स्कॅन नाही, कॉम्प्युटर नाही, फोनने फोटो काढून कुठे टाकायचा नाही. आणि निगेटिव्हचा अख्खा पट्टा, न कापलेला, खाली उजेडाच्या पेटीत मांडायचा. सगळे जण रोल धुतला की सहा-सहाचे तुकडे करून ठेवतात. इथे तेही नाही. कात्री लागली की बाद. जिंकेल त्याचा रोल थेट बर्लिनच्या प्रदर्शनाला.

बर्लिन! अजितला तीन रात्री झोप नाही.

आणि जागा? जागा तर पायाखालीच होती. चाळ रिकामी होत होती. रिडेव्हलपमेंटच्या सह्या झाल्या होत्या, मे संपायच्या आत खोल्या खाली करायच्या होत्या. कुणी संक्रमण शिबिरात, कुणी भाड्याने लांब दिवा स्टेशनला, कुणी मुलीकडे. लोक भांडी पोत्यात भरत होते आणि अजित उजेड बघत होता. जिन्यात एक कपाट अडकलं आणि कपाटाखाली शेजाऱ्यांचे दोन मेव्हणे अडकले. मेव्हणे ओरडतायत, "अजित, हात लाव रे!" अजित म्हणतोय, "एक मिनिट, हलू नका." आणि खरंच ते हलूच शकत नव्हते, त्यामुळे तो फोटो अगदी शार्प आला.

"अरे फ्रिज तरी धर," आई म्हणाली.

"आई, आत्ता उजेड मस्त आहे."

"उजेड तिकडे पण असतो रे बाबा. फ्रिज आपोआप जाणार नाहीये."

असे बावीस झाले.

तेविसावा चंपामावशीचा.

आता चंपा तांबे कोण, हे चाळीत लहान मुलालाही माहीत होतं. महापालिकेच्या इस्पितळात तीस-बत्तीस वर्षं आया होती. डॉक्टरसुद्धा तिला विचारून वॉर्डात शिरायचे म्हणे. नवरा लवकर गेला, दोन मुली वाढवल्या, उजवल्या, आणि रिटायर झाल्यावर चाळीच्या कमिटीची सेक्रेटरी झाली. बिल्डरची माणसं चार वर्षं चपला झिजवून गेली, एक सही मिळाली नाही. लोकांचा विश्वासच नव्हता. मग चंपामावशीने कागद वाचले, वकिलाला दाखवले, आणि स्वतः दारोदार फिरली. "मी सांगतेय ना! काही झालं तर मला धरा." दोन महिन्यांत सगळ्या सह्या. ज्या म्हाताऱ्यांनी मुलांचं ऐकलं नव्हतं त्यांनी हिचं ऐकलं. सामान हलवायच्या दिवसांतसुद्धा तीच सगळ्या मजल्यांवर. कुणी उंबऱ्यावर बसून रडायला लागलं की ही ओरडायची, "रडता काय? टॉवरमध्ये जायचंय, स्मशानात नाही!"

त्या संध्याकाळी मजला जवळपास रिकामा होता. अजित गॅलरीच्या टोकाला, पाण्याच्या टाकीकडे गेला, तर तिथे एका पालथ्या बादलीवर चंपामावशी बसलेली. आवाज येऊ नये म्हणून पदराचा बोळा तोंडात कोंबलेला. आणि खांदे गदगदा हलतायत. बाजूने उन्हाची तिरीप नेमकी अर्ध्या चेहऱ्यावर.

माणूस असता तर आधी विचारलं असतं, काय झालं मावशी? पण अजित फिल्मवर काम करत होता. त्याने श्वास रोखला, फोकस केला, बटण दाबलं.

खट्.

"कोण रे?" मावशीने पदर झटकन तोंडातून काढला.

"मी... अजित."

"काढलास?"

"हो."

"दाखव."

"यात दिसत नाही मावशी. फिल्म आहे."

"रोलवाला?" मावशीने डोळे पुसले. "बरं, मग पुस तो."

"पुसता येत नाही."

"येत नाही म्हणजे? आमच्या नातीच्या फोनमध्ये एका सेकंदात जातो."

"तो फोन आहे मावशी. यात एकदा पडलं की पडलं."

"मग झाकण उघड मागचं. उजेड लागला की जातं सगळं, माहितीय मला. माझ्या लग्नाचा रोल आमच्या दिराने तसाच घालवला. उघड."

अजितने कॅमेरा पोटाशी धरला. "मावशी, यात अख्खी चाळ आहे. एकासाठी सगळे जातील."

 मावशीलाही चाळ घालवायची नव्हती. मग उठली, जवळ आली, आणि हळू आवाजात बोलली. हा आवाज अजितने तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"अजित, ऐक. ह्या सगळ्यांनी माझ्या शब्दावर सह्या केल्यात. मी रडतेय हे त्यांनी बघितलं ना, तर म्हणतील, हिलाच खात्री नव्हती, हिने आपल्याला खड्ड्यात घातलं. आणि मला खात्री आहे का, तर नाहीये रे. कुणाला असते? पण हे मी त्यांना दाखवू शकत नाही. घरं होईपर्यंत तरी नाही. तू तो रोल धुशील ना, तेव्हा तेवढा माझा कापून टाक. टाकशील?"

"बघतो," अजित म्हणाला.

बघतो! मराठी माणसाने "नाही" या शब्दाला शोधून काढलेला सगळ्यात सभ्य पर्याय. मावशीला मात्र तो होकार वाटला. तिने त्याच्या गालावरून हात फिरवला आणि तोंडावर पाणी मारून खाली ओरडत गेली, "अरे टेम्पोवाल्याला कुणी चहा दिला का?"

चाळ रिकामी झाली. अजित आणि वैशाली शिबिरातल्या एका खोलीत गेले, जिथली मोरी इतकी लहान होती की रोल धुताना स्वतः बाहेर उभं राहावं लागायचं. रोल धुतला, वाळवला, खिडकीकडे धरून बघितला. पस्तीस फोटो चांगले होते. मेव्हणे चांगले होते, पोती चांगली होती, खिळे उरलेल्या भिंती चांगल्या होत्या. आणि तेविसावा?

तेविसावा बघून अजित जमिनीवर बसला. इतक्या वर्षांत असा एकही त्याच्या हातून झाला नव्हता.

गिरगावात त्याने ग्रुपच्या डार्करूममध्ये प्रिंट काढल्या. लाल दिव्याखाली, ट्रेमध्ये, मावशीचा चेहरा हळूहळू वर आला. इरावती मागे उभी होती. ती "हं" म्हणाली नाही आणि "हंऽऽ"ही म्हणाली नाही. तिने खुर्ची ओढून घेतली.

"त्या बाई नको म्हणाल्यात," अजित म्हणाला. म्हणाला हं, नाही असं नाही.

"त्यांनी बघितलाय?"

"नाही."

"मग त्या कशाला नको म्हणतायत हे त्यांनाच माहीत नाही. लोकांना आपला खरा चेहरा नकोच असतो अजित. म्हणून तर ते फोनवर जातात." स्वतः इरावतीचा सगळीकडे लावलेला फोटो बारा वर्षांपूर्वीचा होता, पण तो मुद्दा तेव्हा कुणाच्या लक्षात आला नाही. "आणि हा गाळलास तर उरलं काय? पॅकर्स-मूव्हर्सची जाहिरात."

अजितला हे इतकं पटलं, इतकं पटलं की विचारू नका. माणसाला जे करायचंच असतं त्याचं तत्त्वज्ञान शेजारच्याने दिलं की कसं पोट भरल्यासारखं वाटतं. शिवाय नियम होता ना! कात्री लागली की बाद. यात अजितचा काय दोष? आणि गिरगावातल्या माळ्यावर, काळ्या-पांढऱ्या फोटोंपुढे, चाळीतलं कोण कडमडायला येणार होतं?

वैशालीने आमंत्रण चाळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. "माझ्या अजितने आपल्या चाळीचे फोटो काढलेत. सर्वांनी यावे ही नम्र विनंती. चहा-नाश्ता आहे." खाली हात जोडलेले सात आणि फुलं अकरा.

ग्रुपवर त्या दिवसांत वातावरण काही बरं नव्हतं. चाळीच्या जागी पत्रे लागले होते, पत्र्यांवर पोहण्याच्या तलावाचं चित्र होतं, आणि पत्र्यांच्या आत गवत होतं. पाया खणायचा पत्ता नाही. "चंपाबाईंनी काय ते बोलावं," असं कुणीतरी लिहायचं. दुसरा अंगठा दाखवायचा. तिसरा लिहायचा, "त्यांना मिळाले असतील दोन फ्लॅट." चंपामावशी रोज एकच उत्तर टाकायची: काम होणार, मी मागे लागलेय, जय भीम.

उद्घाटनाला टेम्पो ट्रॅव्हलर भरून माणसं आली. दारातून पहिली शिरली चंपामावशी, निळ्या काठाची पांढरी साडी, हातात पर्स. बाकीचे जिना चढत होते, वाटेत दम खात होते. मावशी एकटीच भिंतीपाशी गेली. अजितचे छत्तीस फोटो ओळीने होते, चार ओळी, एकाखाली एक. तिला तेविसावा शोधायला वेळ लागला नाही. तिसऱ्या ओळीत, मधोमध, खांद्याच्या उंचीला.

तिने तो बघितला. मग हॉलच्या दुसऱ्या टोकाला, पाहुण्यांना ग्रेन समजावणाऱ्या अजितकडे एकदा बघितलं. शिवी नाही, शाप नाही, हाक नाही. अजित पटकन दुसरीकडे वळला. त्याला वाटलं, आता फाडते. पण मावशीने भिंतीकडे पाठ केली, पदर नीट घेतला, आणि त्या फोटोला टेकून उभी राहिली.

आणि मग माणसं आत आली. काय गलका! फोटो बघायचे असतात हे कुणाला सांगायची गरज पडली नाही, पण ते गप्प राहून बघायचे असतात हे इरावतीला कुणाला सांगताही आलं नाही. "अगं माझी बादली!" "हे आमचंच दार!" "मेव्हण्याचं तोंड बघा कसं झालंय!" मेव्हणे स्वतः आपल्यापुढे उभे राहून सेल्फी काढत होते. आणि मधोमध चंपामावशी, सगळ्यांना मिठ्या मारतेय, नातवंडांचे गालगुच्चे घेतेय, हसतेय. जागची मात्र हलत नाही. चहा आला, तिथेच उभ्याने प्यायली. भजी आली, कुणाला तरी द्यायला लावली.

"काय चंपाबाई, बांधकाम कधी?" एकाने विचारलंच.

"जानेवारीत. मी त्याच्या मानगुटीवर बसलेय. तू भजी खा."

"नक्की ना?"

"माझ्याकडे बघ. मी टेन्शनमध्ये दिसते का तुला?"

तो माणूस तिच्याकडे बघत होता. तिच्या खांद्यामागे, वीतभर अंतरावर, त्याचं उत्तर लटकत होतं.

अजित आपल्या घोळक्यात बोलत होता. एका मासिकाच्या बाईने त्याला विचारलं होतं, फिल्मच का? तो म्हणत होता की फिल्म आपल्याला थांबायला शिकवते. आणि "थांबायला" म्हणताना त्याची नजर सारखी भिंतीकडे जात होती. मावशी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार घेत होती. तिचा उजवा गुडघा गेलेला आहे, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. शिबिरात राहायला गेल्यापासून तीन मजले चढून तो आणखी गेला होता, हे आईने सांगितलं होतं. वाक्य अर्धवट टाकून त्याने एक खुर्ची उचलली आणि तिच्यापाशी नेली.

"मावशी, बस ना."

"नको."

"कधीची उभी आहेस. गुडघा..."

"बसले तर दिसेल ते."

एवढंच म्हणाली. रागाने नाही. "पाऊस येईल, कपडे काढ" म्हणावं तसं.

अजितला तिथल्या तिथे लाज वाटली. इतकी, की कानशिलं तापली आणि पुढ्यातली खुर्चीसुद्धा दिसेना. बाजूची मासिकाची बाई अजून वही धरून थांबली होती.

"तू बस," तो म्हणाला. "मी उभा राहतो."

मावशीने त्याला नीट न्याहाळलं. मग ती सरकली आणि तो सरकला, मध्ये फट पडू न देता, आणि ती खुर्चीत बसली. "आई गं," म्हणाली आणि गुडघा चोळायला लागली. अजितची पाठ आता भिंतीला होती. आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या फोटोवर तो पाठ घासत उभा होता. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "अहो, जरा बाजूला होता का?" अजित म्हणाला, "नाही." गृहस्थांना वाटलं, हाही प्रदर्शनाचाच भाग असावा. ते मान डोलावून पुढे गेले.

आणि तेवढ्यात माइक खरखरला. इरावतीने स्पर्धेचा निकाल वाचायला घेतला आणि पहिलं नाव घेतलं. अजित कासारे!

टाळ्या. चाळीच्या तर शिट्ट्या. वैशालीने डोळ्याला पदर लावला. अजित जागचा हलला नाही.

"अजित?" इरावती माइकमध्ये म्हणाली.

हलायचं म्हणजे फोटो उघडा टाकायचा. तो तिथूनच कसंनुसं हसला आणि मान हलवली.

"किती विनम्र मुलगा आहे!" दातांचे डॉक्टर म्हणाले. टाळ्या वाढल्या.

"जा ना मेल्या," खुर्चीतून मावशी पुटपुटली. "मी उठते परत."

"बस तू."

"आणि उद्या?"

"काय उद्या?"

"उद्या कोण उभं राहणार? किती दिवस आहे हे?"

"रविवारपर्यंत," अजित म्हणाला.

मावशी गुडघा चोळत राहिली.

अजितने मागे वळून फोटोच्या चारही पिना उपटल्या, आणि प्रिंट पालथी घालून मावशीच्या मांडीवर ठेवली. भिंतीवर मधोमध पांढरा चौकोन पडला. इरावती माइक सोडून धावत आली.

मावशीने प्रिंट उलटूनही बघितली नाही. "ही तर कॉपी झाली," ती म्हणाली. "निगेटिव्ह कुठाय?"

तिच्या पिढीला हे शिकवावं लागत नाही. अजितने खाली पेटीकडे बघितलं. उजेडावर अख्खा पट्टा लांबच लांब पसरला होता, एक ओरखडा नाही.

"अजित, प्रिंट परत लावता येईल," इरावती हळू आवाजात म्हणाली. आज मात्र ती थोडी कमी शुद्ध बोलत होती. "त्याला हात लावू नकोस. कात्री लागली तर मला तुला बादच करावं लागेल. बर्लिन गेलं समज. आणि ते परत होत नाही रे, एकच असतं ते!"

"माहितीय," अजित म्हणाला. "मीच सांगत असतो ना सगळ्यांना. आई, कात्री आहे?"

वैशालीच्या पर्समध्ये गोळ्यांची पाकिटं कापायची छोटी कात्री असते. तिने कशाला म्हणून विचारलं नाही. अजितने पट्टा पेटीतून उचलला, तेवीस आकडा शोधला, आणि बावीस-तेविसाच्या मध्ये कापलं.  मग तेवीस-चोविसाच्या मध्ये कापलं. आर्किटेक्टांपैकी एकाने डोळे मिटून घेतले. उरलेले दोन तुकडे गुंडाळले जाऊन जमिनीवर पडले.

"काय कापलं, काय कापलं?" चाळ गोळा झाली.

"माझा फोटो बिघडला होता," मावशीने जाहीर केलं. "डोळे मिटलेले आले होते."

"हां, होतं असं," मेव्हण्यांपैकी एक समजूतदारपणे म्हणाला, आणि सगळे पुन्हा भज्यांकडे वळले. तिकडे माइकवर दुसरं नाव घेतलं गेलं. वरळी कोळीवाड्यात वाळत घातलेल्या सुक्या माशांचे छत्तीस फोटो काढणारे दातांचे डॉक्टर बर्लिनला निघाले.

मावशीने तो तुकडा चिमटीत धरून ट्यूबलाइटकडे केला. टपालाच्या तिकिटाएवढा. त्यात काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं.

"आणखी कुठे आहे का हा? कॉम्प्युटरमध्ये? फोनमध्ये?"

"नाही मावशी. जगात एवढाच."

"हे बरं आहे तुमचं. फोनवर असता तर एव्हाना ग्रुपवर फिरला असता." तिने तुकडा रुमालात बांधला. मग मांडीवरची प्रिंट उलटली आणि पहिल्यांदाच ती नीट, चष्मा लावून बघितली. बराच वेळ बघत राहिली. अजित समोर उभा होता, कात्री हातात तशीच.

"चांगला काढलायस रे," ती म्हणाली.  "अगदी मी आहे तशी आहे. म्हणूनच तर नको होता."

तिने प्रिंट दुमडून पर्समध्ये टाकली, चेन ओढली, खुर्चीच्या हाताला धरून उठली, आणि टेम्पोवाल्याने चहा घेतला का ते बघायला गेली.